एका वर्दीतला गोली

गल्लीतल्या खेळात गोलवर कोण उभा राहतो, हे सांगायला नको. जो सगळ्यांत लहान, जो जाडा, ज्याला पळवत नाही, किंवा ज्याच्या आईने 'ह्यालाही घ्या रे' म्हणून पाठवलेले असते, तो. दोन दगड नाहीतर दोन चपला ठेवायच्या आणि त्यांच्या मधे त्याला उभा करायचा. चेंडू आत गेला की सगळी टोळी त्याच्यावर तुटून पडते आणि अडवला तर कोणी काही बोलत नाही, कारण अडवणे हे त्याचे कामच. आमच्यापैकी अनेकांनी हे पद भूषवलेले आहे. त्यामुळे आज ज्याच्याविषयी लिहायचे आहे त्या माणसाबद्दल आमच्या मनात थोडा पक्षपात असेल, तर वाचकांनी तो पोटात घालावा.

२३ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोत ऑलिम्पिक हॉकीचा अंतिम सामना झाला. समोर पाकिस्तान. पेनल्टी कॉर्नरवरचा फटका गोलरेषेवर पाकिस्तानी बचावपटूच्या पायाला लागला, भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलाल यांनी तो गोलात घातला. एक शून्य. उरलेला सगळा वेळ पाकिस्तानचा हल्ला चालू राहिला. त्या हल्ल्यासमोर शेवटचा माणूस म्हणून जो उभा होता तो मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाईगडी होता. नाव शंकर लक्ष्मण. त्याने चेंडू आत जाऊ दिला नाही. त्या विजयी चमूत आपल्या बेळगावात जन्मलेले बंडू पाटीलही होते. म्हणजे एका सुवर्णपदकाच्या संघात एक बेळगावचा मुलगा आणि एक बेळगावच्या पलटणीचा गोली. गावाला मिरवायला एवढे पुरे होते.

शंकर लक्ष्मण बेळगावचे नव्हते. ७ जुलै १९३३ रोजी त्यांचा जन्म महूला झाला. इंदूरजवळचे हे महू म्हणजे होळकरांच्या मुलखातली इंग्रजांची छावणी, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव. लहानपणी हा मुलगा हॉकी खेळत नव्हता, फुटबॉल खेळायचा. १९४७ साली, म्हणजे चौदाव्या वर्षाच्या आसपास, तो लष्करात गेला तोही बंदूक घेऊन नव्हे, बँडवाला म्हणून. हॉकीची काठी हातात आली ती वर्दी अंगावर चढल्यानंतर. फुटबॉल खेळलेला गडी हॉकीच्या गोलवर उभा राहिला की त्याचा फायदा कसा होतो, हे जुने खेळाडू सांगतात: चेंडू पायाने थांबवायची आणि थांबवल्या क्षणीच पायाने दूर मारायची सवय अंगात मुरलेली असते. त्या काळी गोलरक्षकाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे, तोंडावर जाळी नसे. पायाला पॅड, हातात मोजे, आणि बाकी देवाची मर्जी. लाकडासारखा टणक चेंडू गवताच्या मैदानावर कुठल्या खड्ड्यावरून कसा उसळेल ते सांगता येत नसे.

मराठा लाइट इन्फंट्रीचे आणि बेळगावचे नाते इथल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. १७६८ साली उभी राहिलेली पहिली पलटण, जिला 'जंगी पलटण' म्हणतात, ती या रेजिमेंटची सर्वांत जुनी शाखा. १९२२ मध्ये सैन्याची फेररचना झाली आणि तेव्हापासून रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे. पहाटे कॅम्पाच्या बाजूला फिरायला जाणाऱ्याला दौडणाऱ्या रंगरुटांच्या बुटांचा आवाज आधी येतो आणि माणसे नंतर दिसतात. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कागल, निपाणी, शिरोळकडचे सैनिक टाकळी: या सगळ्या पट्ट्यातल्या घरांत 'भरती' हा शब्द पावसाळा-उन्हाळ्यासारखा ऋतूचा शब्द आहे. 'आमचा थोरला पलटणीत', 'धाकटा भरतीला पळतोय', 'चुलते पेन्शनीत आले'. घरोघरी भिंतीवर वर्दीतला एक फोटो असतो आणि कॉटखाली हिरवी नाहीतर काळी पत्र्याची ट्रंक. महूचा शंकर लक्ष्मण असा आपल्या घरातला झाला, कारण या मुलखात घरातला होण्याची एक वाट पलटणीतून जाते.

त्यांच्या कारकिर्दीतला एक दिवस मात्र असा आहे की त्याच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ६ डिसेंबर १९५६. मेलबर्नला ऑलिम्पिकचा अंतिम सामना, समोर पाकिस्तानच. रणधीरसिंग जेंटल यांच्या गोलवर भारत एक शून्यने जिंकला. त्या संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. गोलवर तेवीस वर्षांचा शंकर लक्ष्मण. त्याच दिवशी पहाटे दिल्लीत महूच्याच लष्करी वस्तीत जन्मलेल्या दुसऱ्या एका मुलाने, बाबासाहेबांनी, जगाचा निरोप घेतलेला होता. आणि बेळगाव? राज्य पुनर्रचना होऊन पाचच आठवडे झाले होते. १ नोव्हेंबरला बेळगाव, निपाणी, कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले होते. बेळगावच्या एखाद्या मराठी घरात ७ डिसेंबरचे वर्तमानपत्र आले असेल तर त्यातल्या कोणत्या बातमीवर बोट ठेवून त्या घराने रडायचे आणि कोणत्या बातमीवर हसायचे, याची कल्पना करून पाहावी. ऑलिम्पिकमधल्या सुवर्णपदकाची बातमी त्या दिवशी खाली गेली असणार. त्यात नवल नाही. पण त्यानंतर ती पुन्हा वर आलीच नाही, हे मात्र खटकते.

चार वर्षांनी रोम. ९ सप्टेंबर १९६०, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान, पण या वेळी एक शून्य उलटा. १९२८ पासून सलग सहा सुवर्णपदके घेणारा भारत पहिल्यांदा अंतिम सामन्यात हरला. नसीर अहमदचा तो एक गोल सोडला तर बाकी काही आत गेले नाही, हे कोणाला आठवत नाही. गोल्याच्या धंद्याचे हेच आहे. सत्तर मिनिटे अडवलेले वाया, एक क्षण सुटलेला कायमचा. त्याच गोलवर तोच माणूस पुन्हा चार वर्षांनी टोकियोत उभा राहिला आणि त्याने हिशेब चुकता केला. तीन ऑलिम्पिक, तीन अंतिम सामने, तिन्ही पाकिस्तानशी, आणि तीन सामन्यांत मिळून त्याच्या मागच्या जाळीत एक चेंडू. यापेक्षा वेगळी आकडेवारी आम्हाला द्यायची नाही.

१९६४ साली अर्जुन पुरस्कार, १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कर्णधारपद आणि तिथे पाकिस्तानला हरवून सुवर्ण, १९६७ साली पद्मश्री. गोलरक्षकाला कर्णधार करणे तेव्हा रीतीत बसत नसे. ते त्यांच्यासाठी केले गेले. मग १९६८ आले. मेक्सिकोला निघालेल्या संघाला निवड समितीने एकाऐवजी दोन संयुक्त कर्णधार दिले, आणि बँकॉकला सुवर्ण जिंकून देणारा कर्णधार घरी ठेवला. भारत पहिल्यांदाच ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात पोहोचला नाही. कांस्यपदक घेऊन परत आला. शंकर लक्ष्मण यांनी काठी खाली ठेवली. त्यावर त्यांनी गावभर तक्रार केली नाही. ते पलटणीत परत गेले आणि आणखी अकरा वर्षे नोकरी करून १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून पेन्शनीत आले. बँडवाला ते कॅप्टन, बत्तीस वर्षे, एकच रेजिमेंट.

'एकनिष्ठ' हा शब्द आता आपोआप ओठांवर येतो. म्हणून जरा थांबावे लागते.

इंग्लंडात शंकर लक्ष्मण यांच्या आधीच्या पिढीतला फुटबॉलचा एक गोली होऊन गेला. टेड सेगर. डॉनकास्टरच्या बाजूच्या कोळसा खाणीच्या संघातून १९२९ च्या मार्चमध्ये तो लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबात आला आणि १९५३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच क्लबचा राहिला. चोवीस वर्षे. १९३२ आणि १९३९ च्या लीग विजेत्या संघांत तो होता. १९३३ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर पहिल्यांदा खेळाडूंच्या पाठीवर आकडे आले. एव्हर्टनला १ ते ११, मँचेस्टर सिटीला १२ ते २२. त्यामुळे चषकाच्या अंतिम सामन्यात पाठीवर '१' घेऊन उभा राहिलेला पहिला गोलरक्षक सेगर. एव्हर्टन तीन शून्यने जिंकले. ती तारीख होती २९ एप्रिल. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी महूला शंकर लक्ष्मण जन्मले. सेगरची उमेदीची सहा-सात वर्षे दुसऱ्या महायुद्धाने खाल्ली. युद्ध संपून लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा तो छत्तिशीत होता, तरी पुन्हा गोलवर उभा राहिला. शेवटचा लीग सामना बेचाळिसाव्या वर्षी. लीगचे एकूण ४६३ सामने.

एवढी निष्ठा ऐकली की आपले मन भरून येते. पण त्या काळी इंग्लंडात व्यावसायिक फुटबॉलपटूचा करार कसा असे ते पाहिले की मन जरा आटोपते घ्यावे लागते. १९२२ पासून आठवड्याचा कमाल पगार ठरलेला होता: हंगामात आठ पौंड, उन्हाळ्यात सहा. जिंकले तर वर दोन पौंड, बरोबरी झाली तर एक. आठ पौंड म्हणजे तेव्हाच्या भावाने आपले सुमारे १०७ रुपये. खाणीत कोळसा फोडण्यापेक्षा ही कमाई बरी होती यात शंका नाही. पण हजारो लोक तिकीट काढून ज्याला पाहायला येतात त्यालाही आठच्या वर एक पौंड देता येणार नाही असा नियम होता. आणि क्लब सोडावा म्हटले तर? क्लबने 'राखून ठेवले' म्हटले की संपले. करार संपला तरी नोंदणी क्लबच्या खिशात. क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नाही. आणि विकायचे ठरवले तर पैसा क्लबला. १९२८ साली आर्सेनलने डेव्हिड जॅकसाठी बोल्टन क्लबला १०,८९० पौंड मोजले. जॅकचा पगार तोच राहिला, नियमातला. ही पद्धत १९६१ मध्ये पगाराच्या बाबतीत आणि १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात नोंदणीच्या बाबतीत ढिली झाली. तोवर सेगर निवृत्त होऊन दशक झाले होते.

मग सेगर एकनिष्ठ होता की अडकलेला? आमच्या मते दोन्ही. आणि यात विसंगती नाही. दुसरीकडे जाऊनही तेच आठ पौंड मिळणार असतील तर माणूस आहे तिथेच राहील हे खरे. पण आहे तिथे राहणे वेगळे आणि छत्तिसाव्या वर्षी युद्धावरून परत येऊन पोरांच्या बरोबरीने चिखलात झेपावणे वेगळे. बांधून ठेवलेला बैलही काम करतो. तो बांधावरच्या पहिल्या हाकेला मान वर करतो का, यावरून त्याचे आणि मालकाचे नाते कळते. इंग्लंडात या पिढीविषयी लिहिताना 'त्या काळी खेळाडू एकाच क्लबवर प्रेम करत' असे एक भाबडे वाक्य वारंवार येते. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे क्लबच्या मुनीमाच्या वहीत लिहिलेले आहे.

शंकर लक्ष्मण यांच्याही बाबतीत हाच प्रश्न विचारायला हवा, भीड न ठेवता. शिपायाला 'बदली हवी' म्हणता येत नाही. फौजेतला खेळाडू सेनादलाच्या संघाकडूनच खेळणार. त्याने उद्या 'मला रेल्वेकडून खेळायचे आहे' म्हटले तर पलटणीत कसे उत्तर मिळेल, ते पेन्शनीत आलेल्या कोणत्याही सुभेदाराला विचारावे. छापण्यासारखे असेलच असे नाही. तेव्हा त्यांच्या बत्तीस वर्षांतही नियमाचा भाग होता. ध्यानचंद यांचेही तसेच होते: १९२२ मध्ये शिपाई म्हणून भरती आणि मेजर होऊन निवृत्ती. पण पलटणीने त्या बदल्यात काय दिले हेही पाहिले पाहिजे. भाकरी दिली, काठी दिली, रोज सकाळी मैदान दिले, दर्जा वाढवत नेला आणि उतारवयात पेन्शन दिली. सेगरला त्याच्या क्लबने यातल्या दोन-तीनच गोष्टी दिल्या. इंग्रज क्लब आणि हिंदी फौज यांची ही तुलना विचित्र वाटेल, पण आम्हाला ती महत्त्वाची वाटते. निष्ठा मोजताना आपण नेहमी माणसाच्या बाजूचे पारडे पाहतो. संस्थेच्या बाजूचे पारडे कोणी पाहत नाही.

आमच्या अगदी शेजारी याचे तिसरेच रूप पाहायला मिळते. निपाणीहून एसटीने तासाभरात कोल्हापूर. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की मंगळवार पेठ एका बाजूला आणि शिवाजी पेठ दुसऱ्या बाजूला. जगात इतरत्र फुटबॉलचे क्लब असतात. कोल्हापुरात तालमी असतात. कुस्तीच्या आखाड्याने फुटबॉल दत्तक घेतला असे दुसरे शहर आम्हाला माहीत नाही. तिथे खेळाडू पेठेचा असतो, त्याचा बापही त्याच तालमीत खेळलेला असतो, आणि हंगामाआधीच्या नोंदणीच्या दिवसांत कोण कुठली तालीम सोडून कुठे गेला यावर चहाच्या गाड्यावर जी चर्चा होते तिच्यात लग्न मोडल्याचा सूर असतो. गेल्या काही वर्षांत तिथेही परदेशी खेळाडू आले, मानधनाचे आकडे आले. काहींना याचे वाईट वाटते. आम्हाला फारसे वाटत नाही. ज्याच्या पायात कसब आहे त्याने दोन पैसे मिळवावेत. पेठेच्या प्रेमावर घरची चूल पेटत नाही, हे पेठेलाही ठाऊक असते. फक्त ते मोठ्याने बोलायचे नसते.

खरा प्रश्न खेळ संपल्यावरचा. टेड सेगरने निवृत्तीनंतर दारूचा गुत्ता चालवायला घेतला. तिकडे जुन्या फुटबॉलपटूंचा तो नेहमीचा शेवट. लोक ग्लासाच्या निमित्ताने येतात आणि जुन्या सामन्यांच्या गोष्टी ऐकतात. शंकर लक्ष्मण महूला परतले आणि त्यांनी छोटे दुकान टाकले. साखर, चहा, साबण मागायला येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांना ठाऊक असेल की तराजूत वजन टाकणारे हे हात ऑलिम्पिकच्या तीन अंतिम सामन्यांत पाकिस्तानसमोर उभे होते? शेवटच्या काळात पायाला गँगरीन झाले. ज्या पायांनी आयुष्यभर चेंडू थांबवला तेच पाय. त्यांच्या आजाराच्या आणि ओढगस्तीच्या बातम्या आल्या तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की हा माणूस अजून जिवंत आहे. २९ एप्रिल २००६ रोजी ते गेले. पलटणीने लष्करी मानाने निरोप दिला. संस्थेच्या पारड्यात हे वजन शेवटपर्यंत होते, एवढे म्हणता येते. हॉकीच्या कारभाऱ्यांच्या पारड्यात काय होते, ते त्यांनीच तपासून पाहावे.

आता थोडे घरचे बोलू.

बेळगावला विसरण्याची सवय जुनी आहे. ऑलिम्पिकच्या नावाने भारताचा पहिला छोटा चमू १९२० साली अँटवर्पला गेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ मध्ये झालेल्या शर्यती पाहून दोराबजी टाटांच्या मनात ती कल्पना आली, आणि त्यांनीच खर्चाला हात लावला. त्या अर्धा डझन गड्यांत आपल्या बेळगावचा एक धावपटू होता: फडेप्पा दरेप्पा चौगुले. मॅरेथॉन पुरी करून तो एकोणिसावा आला. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले, समोर युरोपातले धावपटू, परक्या गावातले परके रस्ते, आणि बेळगावचा हा तरुण पावणेतीन तासांहून थोड्या अधिक वेळात शर्यत संपवतो. त्या वेळी बेळगाव ना महाराष्ट्रात होते ना कर्नाटकात. मुंबई इलाख्यात होते. आणि त्या माणसाचे नाव पाहा. फडेप्पा, दरेप्पा ही नावे कानडी वळणाची, चौगुले हे आडनाव मराठी घराघरांतले. एकाच माणसाच्या नावात दोन भाषा शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि एकमेकींना धक्का लावत नाहीत. आज त्याचे नाव एखाद्या फलकावर लिहायचे ठरले तर आधी कोणत्या लिपीत, कोणत्या आकारात, वर कोण आणि खाली कोण, यावर बैठक बसेल आणि बैठक उठेपर्यंत फलक गंजून जाईल.

२३ ऑक्टोबरनंतर नऊ दिवसांनी १ नोव्हेंबर येतो. सीमाभागात त्या दिवशी कोण काळ्या फिती लावतो, कोण पिवळे-तांबडे झेंडे लावतो, कोण दुकान उघडतो आणि कोण बंद ठेवतो, यावरून माणसांची निष्ठा ठरवली जाते. आम्ही मराठी भाषक म्हणून जे भोगले आहे ते विसरायला सांगत नाही. १९५६ चा निर्णय या मुलखावर अन्याय करून गेला हे आमचे मत आहे, आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या दाव्याचा निकाल लागावा ही मागणीही आहे. पण वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस निष्ठेची परीक्षा घेणाऱ्या या मुलखात ज्यांची निष्ठा बत्तीस बत्तीस वर्षे कसोटीला उतरली, त्यांची आठवण ठेवायला एकही दिवस राखीव नसावा, हे चमत्कारिक आहे. महूच्या माणसाला आपली पलटण आपला मानते. फडेप्पाला तर मानायचीही गरज नाही, तो इथलाच. बंडू पाटील इथलेच. या तिघांवर ना महाराष्ट्राचा हक्क सांगावा लागतो ना कर्नाटकाचा. बेळगावचा हक्क सांगितला की भागते.

ही माणसे फार मोठी होती म्हणून त्यांची स्मारके उभारा, असे आम्ही म्हणत नाही. स्मारकांचे आपल्याकडे काय होते ते आपण जाणतो. उद्घाटनाला मंत्री, वर्षभर कबुतरे. यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ गोष्टी करता येतील. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे दर वर्षी शालेय हॉकी-फुटबॉलच्या स्पर्धा होतात. तिथे उत्तम आघाडीवीराला करंडक मिळतो, जास्त गोल करणाऱ्याला करंडक मिळतो, आणि गोलरक्षकाला बहुतेक ठिकाणी टाळ्या. ज्या स्पर्धेत गोलीला बक्षीस नाही तिथे ते सुरू करा आणि त्याला शंकर लक्ष्मण यांचे नाव द्या. ज्या शाळेत लांब पल्ल्याची शर्यत होते तिथे फडेप्पा चौगुले यांचे नाव द्या. बक्षीस देताना दोन मिनिटे माईकवरून ही माणसे कोण होती ते मराठीत सांगा, कानडीत सांगा, मुलांना कळेल त्या भाषेत सांगा.

आणि एक काम घरोघरचे आहे. सीमाभागातल्या कितीतरी कॉटखालच्या ट्रंकांत पलटणीच्या संघांचे फोटो असतील: पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेले, मधल्या रांगेत खुर्च्यांवर साहेब, मागे उभे जवान, आणि खाली पाटीवर खडूने लिहिलेले साल. त्या फोटोंतली नावे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंका बाहेर निघतात आणि वाळवी लागलेले कागद रद्दीत जातात. रद्दीत घालण्याआधी आजोबांना एकदा विचारा, यातला गोली कोण. नाव कळले तर फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.